समीकरण आणि आरसा

औंढा नागनाथला आजवर माणसं ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला येत राहिली. आता त्याच तालुक्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या दुधाळा गावाजवळ, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांची वेधशाळा उभी राहायची आहे. तिचं नाव लायगो-इंडिया. केंद्रीय मंत्रिमंडळानं १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. इंदूर, गांधीनगर, मुंबई आणि पुणे इथल्या चार संस्थांवर तिची मुख्य जबाबदारी आहे. अवकाश-काळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणं हे तिचं काम.

या वेधशाळेच्या निमित्तानं भौतिकशास्त्रातला एक जुना वाद पुन्हा बोलायला हवा: विज्ञान पुढं सरकतं ते समीकरणामुळं की यंत्रामुळं? हा वाद मी दोन माणसांच्या तोंडी दिला आहे. मामा मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात सापेक्षता आणि पुंजभौतिकी शिकवून निवृत्त झालेले. भाची पुण्यात प्रकाशिकीच्या प्रयोगशाळेत काम करणारी, आरसे आणि लेसर यांत दिवस घालवणारी. दोघंही काल्पनिक आहेत, पण त्यांची मतं आपल्या भौतिकशास्त्र विभागांत रोज ऐकू येतात.

मामा : तुम्ही यंत्राचं कौतुक करता, करा. पण मूळ कुठं आहे ते विसरू नका. १९१६ साली आइन्स्टाईनकडं लेसर नव्हता, तुमच्या निर्वात नळ्या नव्हत्या. युरोपात महायुद्ध पेटलेलं, आणि हा माणूस बर्लिनमध्ये बसून कागदावर दाखवतो की वस्तुमानं प्रवेगानं हलली की अवकाश-काळातच लहरी उठतात. तुमच्या यंत्रानं त्या शंभर वर्षांनी पकडल्या. म्हणजे यंत्रानं केलं काय? कागदावरच्या गोष्टीवर शिक्का मारला.

भाची : मामा, त्याच आइन्स्टाईनला १९३६मध्ये वाटायला लागलं होतं की या लहरी नसतातच. त्यानं आणि नेथन रोझेननं तसा निबंध लिहून ‘फिजिकल रिव्ह्यू’ला पाठवला. परीक्षकानं त्यातली चूक दाखवली तर आइन्स्टाईननं रागानं निबंध परत घेतला, आणि पुढं दुसरीकडं छापला तो निष्कर्ष बदलून. कागदावर सगळं आधीच लिहिलेलं होतं, तर लिहिणाऱ्यालाच ते का वाचता येईना?

मामा : कागदावरची चूक कागदानंच दुरुस्त केली, हेही सांग की. परीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन होता, पक्का सिद्धान्तवाला.

भाची : मान्य. पण मूळ घोळ तरीही मिटला नव्हता. या लहरी ऊर्जा वाहून नेतात की तो नुसता निर्देशकांचा खेळ आहे, यावर पुढची वीस वर्षं लोक भांडत होते. १९५७मध्ये अमेरिकेत चॅपल हिलला परिषद भरली. तिथं फाइनमननं विचारलं, एका दांड्यावर दोन मणी ओवा, थोडे घट्ट. लहर आली की मणी दांड्यावरून सरकतील, घर्षण होईल, दांडा तापेल. तापला तर ऊर्जा कुठून आली? बरेचसे लोक तिथंच गप्प झाले. चाळीस वर्षं अडलेली गाडी हलली ती ‘यंत्रात काय घडेल’ हे कुणीतरी विचारलं म्हणून.

मामा : तो दांडा कुणी हातात धरला नव्हता गं. तोही विचारातलाच.

भाची : विचारातला, पण दांडाच. आणि त्याच परिषदेत जोसेफ वेबर बसला होता. पुढं त्यानं खरोखर अ‍ॅल्युमिनियमचे भलेमोठे दंड टांगले आणि लहरी शोधायला लागला.

मामा : वेबरचं नाव तूच काढलंस हे बरं झालं. १९६९मध्ये त्यानं जाहीर केलं की लहरी सापडल्या. त्याची दोन यंत्रं हजार किलोमीटर अंतरावर, दोन्ही एकाच वेळी हलतात. लोक हरखून गेले. मग सिद्धान्तवाल्यांनी हिशोब मांडला, की वेबर म्हणतो तेवढ्या जोराच्या लहरी खरंच येत असतील, तर आपल्या आकाशगंगेचं वस्तुमान इतक्या झपाट्यानं ऊर्जेत जातंय की ती आजवर टिकलीच कशी. यंत्र ओरडत होतं आणि त्याच्यावर पहिली शंका घेतली ती कागदानं. म्हणून म्हणतो, सिद्धान्त नसेल तर यंत्राला स्वतःचा आवाज आणि बाहेरचा आवाज यांतला फरक कळत नाही.

भाची : शंका कागदानं घेतली. निकाल लागला तो म्युनिक, ग्लासगो, मॉस्को आणि अमेरिकेतल्या लोकांनी तसेच दंड टांगून पाहिले आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही तेव्हा. आणि वेबर चुकला तरी त्याची एक गोष्ट टिकली. दूरदूर दोन यंत्रं ठेवा, दोन्हींत एकदम दिसेल तेच खरं माना. अमेरिकेतलं लायगो आजही तेच करतं.

इथं मला मध्ये बोलायला हवं. वेबरची गोष्ट शिकवताना ती बहुधा फसलेल्या माणसाची गोष्ट म्हणून शिकवतात, आणि ते अन्यायाचं आहे. ज्या काळात चांगले चांगले भौतिकशास्त्रज्ञ या लहरींना हात लावायला तयार नव्हते, त्या काळात त्यानं धातूचा दंड टांगला. त्याचा दावा खोडायला जी माणसं प्रयोगात उतरली, तीच पुढं या विषयाची पहिली पिढी ठरली.

मामा : बरं, २०१५कडं ये.

भाची : आधी १९६७च्या सुमाराचा एक वर्ग. एमआयटीमध्ये रायनर वाइस प्रयोगवाला माणूस, शिकत असताना एकदा एमआयटीतून बाहेर पडावं लागलेला, मग तिथल्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून राबलेला. त्याच्यावर सामान्य सापेक्षता शिकवायची वेळ आली. विद्यार्थ्यांनी विचारलं, वेबरचं यंत्र चालतं कसं? त्याला ते मुलांना पटेल असं समजावता येईना. म्हणून त्यानं उदाहरण म्हणून एक गणित घातलं: दोन वस्तू मोकळ्या टांगल्या आणि त्यांच्यामध्ये प्रकाश पाठवून अंतर मोजलं, तर लहर आल्यावर काय दिसेल? गृहपाठातून लायगो निघालं. १९७२मध्ये त्यानं सविस्तर अहवाल लिहिला. त्यात त्यानं एकेक करून मांडलं की या यंत्राला काय काय छळेल. जमिनीची थरथर, तारांमधली उष्णतेची हालचाल, लेसरची चंचलता, नळीत उरलेली हवा. अहवालाची खरी ताकद या छळांच्या यादीत होती.

मामा : वर्गात सापेक्षता शिकवली म्हणून सुचलं. माझाच मुद्दा.

भाची : शिकवणाऱ्याचे हात प्रयोगशाळेतले होते म्हणून सुचलं. माझाही आहे.

मामा हसले आणि त्यांनी पुढं बोल अशी खूण केली.

भाची : १४ सप्टेंबर २०१५. लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड, अमेरिकेच्या दोन टोकांना दोन यंत्रं. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर, एकमेकांत विलीन झाली. तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींच्या रूपानं निघून गेलं. आपल्यापर्यंत आलं ते किती? चार किलोमीटरच्या भुजेची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या हिश्शाइतकी बदलली, एका सेकंदाच्या पाचव्या भागापुरती. लिव्हिंग्स्टनला आधी, सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला.

मामा : आणि तो बदल लहरीचाच आहे हे कसं कळलं? यंत्रातून येतो तो नुसता गोंगाट. जत्रेच्या गलक्यात आईला आपल्या पोराची हाक कळते, कारण ती हाक कशी असते हे तिला आधीपासून ठाऊक असतं. तसं लहरीचं रूप आधीपासून काढून ठेवावं लागतं. ते काढलं कुणी? आपल्या पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्रात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१मध्ये दाखवलं, की लहरींचे संभाव्य साचे किती आणि कसे निवडले म्हणजे गोंगाटातून एकही सुटणार नाही. बाला अय्यर यांनी फ्रान्सच्या ब्लांशे आणि दामूर यांच्याबरोबर त्या साच्यांची गणितं पायरी-पायरीनं अचूक केली. आणि त्याच्याही आधी, १९७०मध्ये, सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी दाखवलं की हललेलं कृष्णविवर घंटेसारखं ठराविक सुरात घुमतं आणि शांत होतं. तेव्हा कृष्णविवर असतं की नाही यावरही वाद होता. तो सूर २०१५च्या नोंदीत शेवटी शेवटी दिसला. हे सगळं कागद-पेनानं झालं, बाळ.

भाची : यातल्या एकाही नावाबद्दल माझ्या मनात आदर कमी नाही. पण तुमच्याच यादीकडं नीट बघा. सगळे सिद्धान्तवाले, नाहीतर विदा-विश्लेषणवाले. गुरुत्वीय लहरींमध्ये भारताचा वाटा मोठा आहे आणि तो जवळजवळ सगळा कागदावरचा आहे. आता पहिल्यांदा आपल्याला हे यंत्र उभारायचंय. माझी काळजी तिथं आहे.

इथून पुढं संवादाचा सूर बदलतो, आणि मला वाटतं लेखाचा गाभाही इथंच आहे.

मामा : यंत्र बाहेरून येणार ना? अमेरिकेनं तिसऱ्या यंत्राचे भाग तयार ठेवलेत, ते हिंगोलीत जुळवायचे.

भाची : मुख्य भाग तिकडून येतील. पण जागा, इमारती, निर्वात व्यवस्था आणि ते चालवणारी माणसं आपली. आणि हे ‘जुळवणं’ म्हणजे काय ते सांगते. आरसा घ्या. फ्यूज्ड सिलिका नावाची अतिशुद्ध काच, ३४ सेंटिमीटर व्यास, ४० किलो वजन. तो टांगायचा काचेच्याच चार तंतूंवर. तंतूची जाडी ०.४ मिलिमीटर. काचेची कांडी लेसरनं तापवून मऊ करतात आणि ठराविक वेगानं ओढतात. ओढून झालेल्या तंतूला बोट लावायचं नाही. बोटानं पडणारा न दिसणारा ओरखडाही पुरतो, पुढं वजन पडलं की तंतू तिथूनच तुटतो. चार तंतू जोडताना माणूस श्वासदेखील बेतानं घेतो.

मामा : धातूची तार का नाही वापरत?

भाची : धातूच्या तारेत उष्णतेमुळं होणारी आतली हालचाल जास्त पसरट असते, ती नेमकी लहरींच्या आवाजावर येऊन बसते. काचेत ती एका सुरात गोळा होते, बाकीची जागा शांत राहते. आता इटलीतलं व्हर्गो बघा, पिसाजवळ, तीन किलोमीटर भुजांचं. त्यांनी असेच काचतंतू लावले आणि ते तुटायला लागले. पुन्हा पुन्हा. शेवटी कळलं, की निर्वात कक्षात हवा आत-बाहेर करताना पंपांकडून धुळीचे कण उडत होते आणि तंतूंवर आपटत होते. सापेक्षतेचं एकही समीकरण चुकलं नव्हतं. धूळ चुकली होती. मग त्यांनी तात्पुरत्या पोलादी तारा लावल्या, संवेदनक्षमता कमी झाली ती पत्करली, आणि ऑगस्ट २०१७मध्ये कसंबसं निरीक्षणात उतरले. १७ ऑगस्टला दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याची लहर आली. लायगोच्या दोन यंत्रांना ती ठसठशीत दिसली, व्हर्गोला जवळजवळ दिसलीच नाही. त्यावरूनच कळलं की ती व्हर्गोच्या आंधळ्या दिशेतून आली असणार. आकाशातला शोधायचा तुकडा सुमारे ३० चौरस अंशांवर आला, दुर्बिणी वळल्या, आणि १३ कोटी प्रकाशवर्षं दूरच्या एका दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू सापडला. सोनं, प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत तयार होतात याचा पुरावा मिळाला. धूळ शोधणाऱ्या त्या तंत्रज्ञाचं नाव कुणाला माहीत नाही.

मामा : हे मला ठाऊक नव्हतं. धुळीचं.

भाची : अजून एक. त्या टकरीचे गॅमा किरण लहरीनंतर १.७ सेकंदांनी आले. तेरा कोटी वर्षांच्या प्रवासात १.७ सेकंदांचा फरक. म्हणजे गुरुत्वीय लहरींचा वेग आणि प्रकाशाचा वेग एकच, पंधराव्या दशांश स्थानाच्या आसपासपर्यंत. कृष्ण ऊर्जेला पर्याय म्हणून गुरुत्वाकर्षणाचे जे नवे सिद्धान्त मांडले जात होते, त्यांतले कित्येक त्या एका मोजमापानं निकालात निघाले. शिक्का मारणारं यंत्र असं असतं का?

मामा : सिद्धान्त मरणं हे सिद्धान्ताचं अपयश नव्हे. आम्ही मरण्यासारखं विधान करतो म्हणून तुम्हाला मोजायला काहीतरी मिळतं. हॉकिंगचं बघ. १९७१मध्ये त्यानं सिद्ध केलं की कृष्णविवरांच्या क्षितिजांचं एकूण क्षेत्रफळ कधी कमी होत नाही. २०१५चा शोध कानावर येताच त्यानं लायगोच्या किप थॉर्नला विचारलं, तुमच्या यंत्रानं माझं प्रमेय तपासता येईल का? २०१८मध्ये तो गेला. आणि १४ जानेवारी २०२५ला जी लहर आली ती २०१५च्या मानानं तिपटीहून स्पष्ट. आधीच्या दोन कृष्णविवरांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, विलीन होऊन झालेल्या एकाचं सुमारे ४ लाख. आधीची दोन्ही मिळून महाराष्ट्रापेक्षा लहान, नंतरचं एक महाराष्ट्रापेक्षा मोठं. प्रमेय खरं ठरलं. कितीतरी वर्षं ते कुणाच्याही यंत्राविना उभं होतं.

भाची : ती लहर तिपटीनं स्पष्ट का झाली? विश्व तेच, कृष्णविवरंही जवळपास तेवढ्याच वजनाची आणि तेवढ्याच अंतरावरची. मधल्या दहा वर्षांत यंत्र शांत झालं म्हणून.

मामा : ते कसं, ते सांग. ते मला ऐकायचंय.

भाची : बऱ्याच गोष्टी आहेत, पण एक तुम्हाला आवडेल. लेसरचा प्रकाश फोटॉनांनी बनलेला. ते मोजणीच्या ठिकाणी कमी-जास्त संख्येनं येतात, तो एक गोंगाट. ते आरशावर आदळून त्याला ढकलतात, तो दुसरा. एक कमी करायला लेसरची शक्ती वाढवली की दुसरा वाढतो. हायझेनबर्गचं अनिश्चिततेचं तत्त्व, ४० किलोच्या आरशाला लागू झालेलं. १९८१मध्ये कार्लटन केव्ह्ज नावाच्या सिद्धान्तवाल्यानं दाखवलं की या यंत्राच्या, म्हणजे इंटरफेरोमीटरच्या, ज्या तोंडातून काहीच आत जात नाही असं आपण समजतो, तिथून निर्वाताचे पुंजीय हेलकावे आत शिरतात. आणि त्या तोंडातून खास घडवलेला प्रकाश सोडला, ज्याची एका बाबतीतली अनिश्चितता दाबून दुसऱ्या बाबतीत ढकललेली आहे, तर गोंगाट कमी करता येतो. त्याला स्क्वीझ्ड लाइट म्हणतात.

मामा : केव्ह्जचा निबंध मी वाचलाय. सुरेख आहे.

भाची : निबंध चाळीस पानांत संपतो की नाही मला माहीत नाही, पण त्याला यंत्रात उतरवायला चाळीस वर्षं लागली. कमी वारंवारतेला एका प्रकारची अनिश्चितता दाबायची, जास्त वारंवारतेला दुसऱ्या प्रकारची, म्हणून ३०० मीटर लांबीची वेगळी पोकळी बांधली. मे २०२३मध्ये सुरू झालेल्या चौथ्या निरीक्षण सत्रात ती वापरली. वाटेत एक आरसा किंचित मळका असला, एक जोड किंचित तिरका असला, की दाबलेला प्रकाश पुन्हा साधा होतो. या कामात पुढं असलेल्यांमध्ये एमआयटीच्या नर्गिस मवालवाला आहेत, लाहोरला जन्मलेल्या, कराचीत वाढलेल्या. लहानपणी घरासमोरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात त्या हत्यारं हाताळायला शिकल्या. मला ही गोष्ट केव्ह्जच्या निबंधाइतकीच महत्त्वाची वाटते.

मामा : इथं तुझं-माझं भांडण मिटतंय असं नाही का वाटत? केव्ह्जशिवाय काय करायचं ते कळलं नसतं, तुमच्याशिवाय ते झालं नसतं.

भाची : जगाच्या बाबतीत मिटतंय. आपल्याकडं नाही मिटत. मी बीएस्सीला होते त्या महाविद्यालयात मायकेल्सन इंटरफेरोमीटरचा संच होता. लायगोचं मूळ तेच यंत्र, भुजा तेवढ्या लांब. तीन वर्षांत आम्ही तो एकदा पाहिला, काचेच्या कपाटाबाहेरून. हात लावला आणि आरसा फुटला तर डेडस्टॉक रजिस्टरला काय लिहायचं, म्हणून कपाटाला कुलूप. न्यूटन्स रिंग्जची रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवून घ्यायची, ग्राफ सरळ यावा म्हणून दोन आकडे इकडचे तिकडं करायचे. त्यावर वीसपैकी अठरा. आणि हुशार मुलांना सर सांगायचे, तू थिअरीत जा, प्रॅक्टिकलमध्ये काय ठेवलंय.

मामा : एकदम सरांवर जाऊ नकोस. वर्षाचं अनुदान किती येतं, तुला माहीत नाही. लॅब असिस्टंट एक, मुलं ऐंशी, निवृत्त झालेल्याच्या जागी माणूस नाही. फुटलेला आरसा बदलायला कोटेशनं मागवा, मंजुरी घ्या, तोवर परीक्षा येते. कुलूप मास्तरला आवडतं म्हणून नसतं.

भाची : ते मानते. पण त्याच मुलांनी आता चार किलोमीटरच्या नळीची गळती शोधायचीय.

मामांचा मुद्दा खोटा नाही. अनुदानित महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा ज्या अवस्थेत आहेत, त्याचा दोष एकट्या शिक्षकावर टाकणं मला पटत नाही. तरीही माझं मत भाचीच्या बाजूनं आहे. पैसा कमी असतो तिथंही आपण जे थोडं असतं ते वाचवून ठेवतो, वापरत नाही. आणि हाताचं काम हे बुद्धीच्या कामापेक्षा खालचं, ही समजूत पैशानं जात नाही.

मामा : पण आपल्याला यंत्रं करताच येत नाहीत असं म्हणू नकोस. नारायणगावजवळ खोडदला जा. गोविंद स्वरूप यांनी तिथं ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी उभ्या केल्या. पोलादाची अखंड थाळी परवडणारी नव्हती, म्हणून तारांची जाळी दोरखंडांवर ताणून बसवली. वारा जाळीतून निघून जातो, वजन कमी, खर्च कमी. हा भारतातला, भारताच्या खिशाला परवडेल असा विचार.

भाची : खोडदची ती जीएमआरटी दुर्बीण माझंही आवडतं उदाहरण आहे. आणि तिचा या विषयाशी सरळ संबंध आहे. जून २०२३मध्ये जगातल्या अनेक गटांनी एकदम जाहीर केलं की अतिमंद गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे एकेका हेलकाव्याला वर्षं लागतात अशांचा, सर्वदूर पसरलेला गुंजारव असल्याचा पुरावा मिळालाय. बहुधा दीर्घिकांच्या केंद्रांतल्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांचा. स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांत पडणारे फरक वर्षानुवर्षं मोजून तो सापडला. युरोपच्या गटाबरोबर त्यात आपला गट होता, खोडदच्या दुर्बिणी घेऊन. ताऱ्यांमधल्या वायूमुळं ठोके उशिरा येतात, ती चूक काढायला कमी वारंवारतेची निरीक्षणं लागतात आणि ती जीएमआरटी उत्तम देते. चांगलं यंत्र असतं तिथं प्रश्न स्वतःहून येतात.

मामा : आता हिंगोलीचं बोल. २१ मार्च २०२४ला पहाटे इथली जमीन हलली. ४.५चा धक्का. जुलैमध्ये पुन्हा ४.५. काही गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात म्हणून लोक वर्षानुवर्षं धास्तावलेले आहेत. प्रोटॉनच्या चारशेव्या हिश्शाची गोष्ट करता आणि यंत्र ठेवता इथं?

भाची : प्रश्न रास्त आहे, आणि तो लोकांसमोर जितका मोकळेपणानं मांडायला हवा तितका मांडला जात नाही असं मला वाटतं. इमारतींच्या आराखड्यात तो असायलाच हवा. मोजमापाच्या दृष्टीनं मात्र अधूनमधून येणारा धक्का हा मोठा शत्रू नाही. जगात कुठंही मोठा भूकंप झाला तरी लायगोचा लेसर ताळ्यावरून सुटतो, काही तासांनी पुन्हा लावतात. खरा छळ रोजचा. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आपटून उठणारी जमिनीची संथ थरथर, रेल्वे, ट्रक, वारा. लिव्हिंग्स्टनला आजूबाजूची झाडं तोडणाऱ्यांचा त्रास. हॅनफर्डला तर कावळ्यांच्या जातीचे पक्षी बाहेरच्या एका थंड नळावर साचलेला बर्फ चोचीनं फोडायचे, तेही नोंदीत उमटलं. हिंगोली समुद्रापासून दूर आहे, आणि जागा निवडण्याआधी तिथली थरथर मोजून पाहिलेली आहे.

मामा : आणि शेतकऱ्यानं विचारलं, २,६०० कोटींत आमचं काय?

भाची : मी त्याला खोटं सांगणार नाही. हळदीचा भाव याच्यानं वाढणार नाही. आकाशाचं म्हणाल तर भारतातलं यंत्र अमेरिकेतल्या दोन्ही यंत्रांपासून इतकं दूर असेल की लहर कुठून आली ते ठरवणं कितीतरी अचूक होईल. आणि तंत्राचं म्हणाल तर कुठला उपयोग कुठून निघेल सांगता येत नाही. ग्लासगोत याच आरशांवर काम करणाऱ्यांनी नॅनोमीटर मापाची कंपनं मोजायचं तंत्र जीवशास्त्रज्ञांना दिलं, आणि त्या कंपनांनी मूलपेशींपासून हाडाच्या पेशी घडवता येतात हे दिसलं. पण हे मी दुय्यम मानते. हिंगोलीला खरंच मिळू शकेल असं एकच आहे: काम येणारी माणसं. अमेरिकेतल्या नळ्या सव्वा मीटरच्या आसपास व्यासाच्या, तीन मिलिमीटर जाड स्टेनलेस स्टीलच्या. पृथ्वीची वक्रता चार किलोमीटरांत मीटरभर पडते, ती धरून त्या सरळ बसवाव्या लागल्या. वेल्डिंगचे जोड किलोमीटरच्या किलोमीटर, एकही सुईच्या टोकाएवढं गळकं चालत नाही. मग नळीतूनच दोन हजार अँपिअर वीज सोडून ती महिनाभर तापवत ठेवली, पोलादात अडकलेला वायू बाहेर पडावा म्हणून. हे काम प्राध्यापक करत नाहीत, मामा. वेल्डर करतो.

मामा : २०१६ला मान्यता, २०२३ला पैसे. मधली सात वर्षं मला सलतात. तोवर युरोप जमिनीखालच्या दहा किलोमीटरच्या भुजांचा विचार करतोय, अमेरिका चाळीस किलोमीटरचा, आणि अडीच दशलक्ष किलोमीटर भुजांची अवकाशातली लिसा मोहीम युरोपनं जानेवारी २०२४मध्ये मुक्रर केली. आपलं यंत्र तयार होईपर्यंत जग पुढं गेलेलं असेल.

भाची : उशीर झालाय, खरं आहे. पण २०२५मध्ये अमेरिकेत पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पाचा जो प्रस्ताव आला, त्यात लायगोच्या दोनपैकी एक यंत्र बंद ठेवायची सूचना होती. ज्यांनी हे सुरू केलं त्यांच्याकडंही त्याची खात्री उरली नाही. अशा वेळी तिसऱ्या जागी एक यंत्र असणं ही चैन नव्हे. आणि पुढची चाळीस किलोमीटरची यंत्रं बांधायला माणसं लागतील, ती चार किलोमीटरवर शिकलेलीच असतील.

मामा : तुला एक सांगू? मी इतकी वर्षं विश्वेश्वरांचं गणित फळ्यावर सोडवलं. पण तो सूर ऐकायला काचेचा तंतू लागतो, आणि तो ओढायला हात लागतात, हे मी मुलांना कधी सांगितलं नाही. पाठ्यपुस्तकात ते नव्हतंच.

भाची : आणि मी तंतूंबद्दल दिवसभर बोलते, पण विश्वेश्वरांचा निबंध मुळातून वाचलेला नाही. तो मला द्या.

संवाद इथं थांबवतो. दोघांच्या बाजू मांडताना माझं माप एका बाजूला झुकलं असेल, तर ते जाणूनबुजून आहे. मराठी मुलांना आइन्स्टाईन, हॉकिंग, नारळीकर ही नावं माहीत आहेत आणि असायलाच हवीत. नारळीकरांनी पुण्यात आयुका उभी केली म्हणून लायगो-इंडिया या राज्यात येण्याला एक पाया मिळाला. पण निर्वात तंत्र, अचूक वेल्डिंग, प्रकाशीय लेपन, कंपनरोधन या गोष्टी भौतिकशास्त्र आहेत असं आपल्याकडं अजून मानलं जात नाही, आणि हिंगोलीच्या वेधशाळेचं यश-अपयश त्यावरच ठरणार आहे.

म्हणून दोन मागण्या. हिंगोली, परभणी, नांदेडच्या आयटीआयमध्ये निर्वात तंत्र आणि हेलियमनं गळती शोधण्याचं प्रशिक्षण लायगो-इंडियाच्या संस्थांच्या मदतीनं द्या, आणि ते वेधशाळेचं बांधकाम संपण्याआधी द्या. आणि प्रत्येक विज्ञान महाविद्यालयानं मायकेल्सनचा संच कपाटातून काढून मुलांच्या हातात द्यावा. विद्यापीठांनी फुटलेल्या आरशासाठी वेगळी तरतूद करावी आणि तो फुटल्याबद्दल शिक्षकाकडून खुलासा मागू नये.